चिंचोक्यांची माहिती

पोरांना माहितीपर लेखन शिकवायला मी सुरुवात केली ती वर्गातलं पिण्याचं पाणी जमिनीवर ओतून. तेही दुष्काळात, आणि तेही हसत हसत, आपल्याइतका हुशार मास्तर तालुक्यात नाही अशा तोऱ्यात.

त्याचं असं झालं, की त्या भाद्रपदात मी तालुक्याला प्रशिक्षणाला जाऊन आलो होतो. तिथं एका बाईंनी आम्हा मास्तर मंडळींना ऐकवलं, की तुमची पोरं निबंध लिहितात, माहिती लिहीत नाहीत. निबंध वाचून कुणाला काही करता येत नाही, माहिती वाचून करता आलं पाहिजे. मी जोरात मान डोलावली. डोलावणं भाग होतं, कारण माझ्या वर्गातली पोरं जे लिहीत ते मीच फळ्यावर लिहून दिलेलं असे. 'गाय हा अतिशय उपयुक्त प्राणी आहे. ती आपणास दूध देते.' सहावी-सातवीच्या जोडवर्गात प्रत्येक वहीत हीच गाय उभी. खरी गाय मात्र गावात एकही उरली नव्हती. सगळी जनावरं पलीकडच्या गावच्या चारा छावणीत बांधलेली, आणि त्यांच्यामागं घरटी एकेक म्हातारं माणूस तिकडंच मुक्कामाला. एका पोरानं मला तोंडी सांगून पाहिलं होतं, "गुरुजी, आमची गाय दूध न्हाई देत." मी म्हणालो होतो, "परीक्षेत देते."

शाळा शिरूर कासारच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. मी तलवाड्याकडचा. आमच्या बाजूला कॅनॉलला अधूनमधून पाणी सुटतं, तेवढ्यावरून गावानं माझं नाव 'कॅनॉलचे गुरुजी' पाडलेलं. बायको-पोरं तलवाड्याला, आणि मी इथं एका खोलीत भाड्यानं. खोलीवर एक छोटी गॅसची शेगडी होती. ती, चहापत्ती आणि साखर घेऊन मी वर्गात गेलो आणि सांगितलं, "चहा कसा करावा, याची माहिती लिहा. तुम्ही लिहाल तसाच मी करणार. अक्षरशः तसाच."

पुढच्या रांगेतल्या पोराची वही उचलली. त्यानं लिहिलं होतं, 'पाणी घ्या. ते ओता. साखर टाका. पत्ती टाका. चहा झाला.' हेच मला हवं होतं. प्रशिक्षणात बाईंनी अशीच गंमत करून दाखवली होती. मी कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून घेतला, सगळ्यांना दाखवला, आणि जमिनीवर उपडा केला.

"कशात ओतायचं ते लिहिलंच नाही की ह्यानं!" मी म्हणालो आणि हशा पिकायची वाट पाहत उभा राहिलो.

प्रशिक्षणात पिकला होता. इथं कुणी हसलं नाही. फरशीच्या फटीतून पाणी पुढं सरकत होतं आणि अख्खा वर्ग त्याच्याकडं बघत होता. एका पोरानं हळूच रुमाल काढून त्या पाण्यावर टेकवला आणि ओला करून गळ्याला बांधला. मग मागच्या रांगेतली एक पोरगी उठली. सातवीतली, पण इतरांपेक्षा उंच, कारण वयानं एका वर्षानं मोठी. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्यानं तिचं पाचवीचं अख्खं वर्ष उसाच्या फडात गेलेलं.

"गुरुजी, आज पाणी आणायची पाळी माझी हुती."

"बरं मग?"

"मग आता तुमी आणा. आमच्या घरचं संपलं."

ती बसली. चहा राहिला. उद्धटपणा म्हणून तिला ओरडावं असं क्षणभर मनात आलं, पण तांब्या माझ्या हातात होता आणि तो रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळशी आणि दोर घेऊन विहिरीवर. टँकर यायचा, कोरड्या विहिरीत पाणी सोडायचा, आणि मग काठावर बायकांची झिम्मड उडायची. गडीमाणूस त्यात मी एकटाच. माझी बातमी माझ्याआधी पोचली होती.

"कावून वो गुरुजी, बाईसाहेबांनी घराभाईर काढलं का?"

"न्हाई गं. पोरान्ला चहा शिकवायलेत. पाणी भुईवर वतून."

"त्यांचा पगार लई मोठा हाय बाई. भुईला बी चहा पाजित्यात."

मी बाणेदारपणे कळशीला दोर बांधला आणि आत सोडली. गाठ सुटली. कळशी गेली, दोर हातात राहिला. वरून हसण्याचा असा लोट आला, की दुष्काळात गावाची एवढी करमणूक कुणी केली नसेल. त्या पोरीच्या आईनं गळ टाकून माझी कळशी वर काढली, भरली, आणि मला रस्त्याला लावून देताना चार पावलं बरोबर आली.

"पोरीचं वाईट वाटून घेऊ नका गुरुजी. ती लई विचारती, लई बोलती. पर अभ्यास करती."

"करते की. सातवीत पहिली येईल ती."

"यंदा तिला हितंच ठिवायचं म्हणती मी." ती थांबली. "फडात न्हेली का बघाया येत्यात. मुकादमाच्या वळखीतले. पोरगं कोयत्याला लावायचं तर त्येला जोडी लागती. जोडी न्हाई तर काम न्हाई. आन माझी पोर उंच हाय. लोकांला मोठी वाटती."

तिला काय म्हणायचंय ते मला समजत होतं. आमच्या भागात फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोराला कुणी उभं करीत नाही, म्हणून पोराचे आईबाप ऊस तोडता तोडताच पोरगी बघत फिरतात. फडात गेलेली पोरगी कधी कधी कुणाचा तरी अर्धा कोयता होऊनच गावी येते.

"बापाचं काय म्हणणं?"

"त्यो तयार हाय. आठवीला शिरूरला घालू म्हणतो. पर त्येची एक अट हाय. ही आन धाकटा, दोघं भावंडं, हितं उपाशी ऱ्हायची न्हाईत असं त्येला खात्रीनं कळाया पायजे. मागल्या साली लई बेजार झालं."

मी म्हणालो, "वसतिगृह आहे की शाळेचं." आणि छाती काढून चालायला लागलो. कळशी डचमळून अर्धी सांडली.

हे वसतिगृह म्हणजे इमारत नव्हे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची पोरं गावात राहावीत म्हणून सरकार हंगामापुरतं दोन वेळचं जेवण देतं, त्याला हंगामी वसतिगृह म्हणतात. झोपायला पोरं आपापल्या घरी, आजीकडं, चुलतीकडं. त्या वर्षी त्याचा स्वयंपाक गावच्या दूध संस्थेच्या हॉलमध्ये करायचं ठरलं होतं, कारण संस्थेत दूध यायचं बंद झालेलं. ॲल्युमिनियमचे कॅन भिंतीला लागून पालथे पडलेले, आणि फॅट मोजायच्या यंत्रावर एक कोंबडी बसायची. संस्थेचे चेअरमन तेच शाळा समितीचे अध्यक्ष. ते एक दिवस वर्गात आले, पोरं काही लिहीत आहेत हे बघून खूश झाले आणि मला म्हणाले, "मास्तर, असं करा. संस्थेच्या सभेला समदं गाव येतंय. तिथं पोरांकडून वाचून घ्या. वसतिगृहाची माहिती बी वाचा. पोरं गावात ऱ्हायली तर तुमचा पट टिकंल, आमचं वसतिगृह टिकंल. फक्त गोड लिवा."

मी तर हुरळून गेलो. बाईंनी सांगितलंच होतं, की पोरांना खरा वाचक द्या. मला अख्खं गाव मिळालं.

पाण्याच्या प्रकरणातून मी एक शिकलो होतो. पोरांना मी बजावलं, की ज्याला काहीच ठाऊक नाही अशा माणसासाठी लिहा. जे आहे ते लिहा, जे नाही तेही लिहा, आणि आपल्याला ठाऊक नसेल ते जाऊन विचारा. पोरांना हे भलतंच आवडलं. गायीनंतर हा मोठाच बदल होता. एकानं लिहिलं, 'हातपंप कसा वापरावा. हातपंप वापरू नये. तो कोरडा आहे. दांडा मारल्यास हात दुखतो व भांडण होते.' एकानं छावणीतल्या म्हातारीची दिनचर्या लिहिली आणि शेवटी म्हशीची. दोन्ही जवळजवळ सारख्याच होत्या. वसतिगृहाचा विषय त्या उंच पोरीनं घेतला.

ती खरंच विचारत सुटली. मला विचारलं, जेवण बनवणाऱ्या बाईला विचारलं, आणि मग पारावर बसलेल्या चेअरमनसमोर वही घेऊन उभी राहिली. मी लांबून कौतुकानं बघत होतो.

"चेअरमनकाका, वसतिगृह कवा सुरू हुईल?"

"मंजुरी आली की."

"मंजुरी कवा यील?"

"वरून आली की कळंल."

"म्हंजे तुमाला म्हाईत न्हाई."

"अगं, म्हाईत न्हाई कसं... यील ना."

तिनं खाली बघून लिहून घेतलं. चेअरमननी मानेनंच मला विचारलं, काय लिहिलं? मी हातानंच सांगितलं, काही नाही, गोड आहे.

सभेच्या आदल्या दिवशी तिनं मला पक्कं लिहिलेलं आणून दाखवलं. मी खुर्चीत रेलून वाचायला घेतलं आणि वाचता वाचता सरळ झालो. ते मला अजून पाठ आहे.

'ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात त्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असते. त्यात दोन वेळा जेवण मिळते. वरण पातळ असते पण गरम असते. झोपायला आपापल्या घरी जावे लागते. मागच्या वर्षी आईवडील दिवाळीआधी गेले. वसतिगृह संक्रांतीनंतर सुरू झाले. मधल्या दिवसांत मुले शेजारी जेवली. शेजारी पण दुष्काळ होता. मग मुलांनी चिंचोके खाल्ले. चिंचोके आधी भाजावेत, फोडून साल काढावी व पाण्यात भिजत घालावेत. पाणी नसेल तर तसेच चावावेत. मोठ्या मुलांना ते पचतात. लहान मुलांचे पोट फुगते. तेव्हा त्यांना उताणे झोपवू नये, कुशीवर झोपवावे व बोलत राहावे. यंदा वसतिगृह कधी सुरू होईल हे चेअरमनकाकांना विचारले. त्यांना माहीत नाही.'

असं लिहिणं मला जन्मात जमलं नसतं. माझ्या हातात लाल पेन होतं, आणि त्याचं काय करावं ते कळेना.

"पोट कुणाचं फुगलं होतं गं?"

"धाकट्याचं. दुसरीत हाय त्यो."

"तू काय केलंस?"

"पाठीवर घेतला आन शिरूरला सरकारी दवाखान्यात गेलते. एस्टी आली न्हाई त्या दिशी."

मी दार लोटून घेतलं. म्हणालो, "हे बघ. मधलं तेवढं वाचू नको. जेवण मिळतं, झोपायला घरी, एवढं पुरे आहे. तुझा बाप समोर बसलेला असणार. हे ऐकून तो तुला इथं ठेवेल का?"

"तुमीच म्हणलाव, न्हाई ते बी लिवा."

"म्हणालो ना. पण मास्तर बरंच काही म्हणतो. मी गाय दूध देते असंही म्हणालो होतो."

ती हसली नाही. तिनं वहीची कड चोळली. मग म्हणाली, "समद्यांनी आयकलं तर चेअरमन लवकर सुरू करतील की, गुरुजी. म्हाईत नव्हतं म्हणून मागल्या साली कुणी काही केलं न्हाई. आता म्हाईत हुईल."

तिला वाटत होतं, की लोकांना कळलं की लोक करतात. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं असेल, तर ते मीच. माहिती कशाला लिहायची असं पोरांनी विचारलं, तेव्हा मी टाळ्या घ्यायच्या आवाजात हेच सांगितलं होतं. मी पेनचं टोपण लावलं.

संस्थेची सभा म्हणजे आमच्याकडं एक वेगळंच प्रकरण असतं. दूध नसलं तरी सभा होते, कायद्यानं व्हावीच लागते. सचिव मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात आणि वाक्य पुरं व्हायच्या आत लोक ओरडतात, "मंजूर!" विषय कुठलाही असो, मंजूर. एकदा म्हणे सचिवांच्या हातून एकच पान दोनदा वाचलं गेलं, तेही दोनदा मंजूर झालं. सवयच ती. लोक तंबाखू मळत बसतात, आणि आवाज थांबला की मंजूर म्हणतात.

त्या दिवशी संस्थेच्या हॉलमध्ये सारं गाव आलं होतं, कारण सभा झाली की आठवड्याभरात ऊसतोडीला न्यायला ट्रक लागणार होते. गडी पुढं, बायका कॅनच्या बाजूला. सचिवांचं झाल्यावर चेअरमननी शाळेच्या पोरांना उभं केलं. हातपंपवाल्या पोरानं खणखणीत वाचलं, "हातपंप वापरू नये. तो कोरडा आहे."

"मंजूर!"

लोक हसले, मीही हसलो. म्हशीची दिनचर्याही मंजूर झाली. मग ती उभी राहिली.

तिनं वर न बघता, शाळेत वाचतात तसंच एका सुरात वाचलं. वरण पातळ पण गरम, इथपर्यंत तंबाखू मळणं चालू होतं. 'शेजारी पण दुष्काळ होता' या वाक्यावर मळणारे हात थांबले. चिंचोके कसे भाजावेत हे ती वाचत होती, तेव्हा बायकांतल्या एकीनं पदर तोंडावर घेतला. ती कुणाची शेजारीण असेल ते ओळखायला गावाला वेळ लागला नाही. पोट फुगल्यावर कुशीवर झोपवावे व बोलत राहावे, हेही तिनं त्याच सुरात वाचलं. शेवटचं वाक्य वाचून ती थांबली.

खांबाला टेकून डुलक्या घेणारा एक म्हातारा आवाज थांबलेला पाहून जागा झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "मंजूर!"

कुणी हसलं नाही. चेअरमन माझ्याकडं वळले. "मास्तर, हे तुमी लिवून दिलं का?"

आता इथं मी ताठ उभं राहून काहीतरी बोलायला हवं होतं. खोलीवर परतल्यावर मला तशी बरीच वाक्यं सुचली. तिथं मात्र माझ्या तोंडून निघालं, "अभ्यासक्रमात आहे, साहेब."

पोरीची आईच उठली. "चेअरमन, मंजुरी कवा यील ते सांगा. तिनं इचारलं ते मी बी इचारते."

"अगं बाई, ते आपल्या हातात हाय का? वरून याया पायजे."

"वरून तर यंदा पाऊस बी आला न्हाई."

त्यावर सभा संपली. आभारसुद्धा राहिले. गडी हळूहळू पांगले, बायका मात्र कॅनपाशीच बसून राहिल्या. मी जायला निघालो तर दारात त्यांचं बोलणं कानावर आलं. मघाशी पदर तोंडावर घेतलेली बाई बोलत होती, "मी एकलीनं किती घालावं? माझ्याच घरात तीन खाणारी. कुणी म्हणलं असतं, सारे मिळून घाला, तर घातलं असतं."

"मग आता घाला," एक म्हातारी म्हणाली. छावणीतून दोन दिवसांसाठी आलेली. "दूध घालायला येत हुताव तसं. हे कॅन काय कोंबडीला बसायला ठिवलेत?"

पालथे कॅन त्यांनीच उचलून सरळ ठेवले. फडावर न्यायला बांधून ठेवलेल्या धान्यातून प्रत्येकीनं थोडं थोडं काढायचं, रेशनचा गहू असो की जुनी बाजरी, आणि त्या म्हातारीच्या जावेनं पोरांना भाकरी थापून घालायची. वसतिगृह लागेपर्यंत. मला वाटलं, जिंकलो. माझ्या वर्गातल्या पोरीनं लिहिलं आणि गाव हललं! मनातल्या मनात मी हे प्रशिक्षणाच्या बाईंना सांगूनसुद्धा टाकलं.

मग त्यांनी पोरं मोजायला घेतली आणि त्यांचा आवाज उतरला. कॅनमध्ये पडणार ते किती, आणि खाणारी तोंडं किती. कुणीतरी म्हणालं, "समद्यांचं न्हाई व्हायचं." कुणीतरी म्हणालं, "ल्हान्यांचं बघू." मग त्या म्हातारीनंच, चुलीवरचं सांगावं तसं सरळ सांगून टाकलं, "दुसरी-तिसरीपर्यंतची ऱ्हातील. मोठ्या पोरी खात्यात बी जास्ती, आन फडात हाताखाली बी येत्यात. त्या जाऊ द्या."

त्यात कुणी दुष्ट नव्हतं. धान्य तेवढंच होतं. ती पोरगी दाराच्या चौकटीला टेकून कागद हातात धरून उभी होती. तिच्या आईनं मान वर केली नाही. कॅनचं झाकण लागतंय का ते ती पुन्हा पुन्हा लावून बघत होती.

संध्याकाळी मी तिच्या बापाला गाठलं. तो बैलगाडीचं जुनं जू साफ करत बसला होता, शांत, कष्टाळू माणूस.

"पोरगी खरं बोलली, गुरुजी," तो म्हणाला. "म्हणून धाकट्याचं निभावलं."

"आणि तिचं? सातवी आहे तिची. एवढं वर्ष..."

"मला काय कळत न्हाई व्हय? पर ती हितं ऱ्हायली तर ह्या पोराच्या घासात वाटेकरी. तिलाच इचारा, ती खाईल का त्येच्यातलं? न्हाई खाणार. मग उपाशी ठिवून जाऊ?"

"ती माझ्याकडे जेवेल."

हे मी मोठ्या उमाळ्यानं म्हणालो. त्यानं जुवावरचा हात थांबवला आणि माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, माझ्याबद्दलची कीव होती.

"गुरुजी, तुमी खोलीवर एकलं ऱ्हाताव. पोर वयात आलीय. लोक काय म्हणतील?"

मला यातलं काहीच सुचलं नव्हतं. मी "हो, तेही आहेच" असं काहीतरी पुटपुटून उठलो. तलवाड्याला फोन करून बायकोला विचारलं, चार महिने इथं येऊन राहतेस का? ती म्हणाली, आपल्या पोरांची शाळा? त्यांना तिथं आणून तुझ्याकडं शिकवायचं का? तिचंही बरोबर होतं. माझ्याकडं शिकणं किती सुरक्षित असतं ते मला नुकतंच कळलं होतं.

ट्रक लागले ते भर दुपारी. चुली, भांडी, प्लास्टिकची पालं, बांधलेल्या शेळ्या, आणि त्यावर माणसं. पोरगी आईच्या शेजारी चढायच्या आधी पळत माझ्याकडं आली. मला वाटलं, रडेल. मी काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं.

"गुरुजी, ते माझं वसतिगृहाचं लिवलेलं हॉलच्या भिंतीवर लावलंय ना?"

"लावलंय."

"त्यातलं मधल्या दिसांचं खोडा. आता तसं न्हाई. कॅनचं लिवा. भाकरी कुणाच्या घरी मिळती ते लिवा, आन हॉलची किल्ली कुणाकडं हाय ते बी लिवा. ल्हान्या पोरांला म्हाईत नसंल."

"लिहितो."

"आन चिंचोक्याचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. जरा विचार करून म्हणाली, "कॅन संपलं तर."

मग ती चढली. जुळवून ठेवलेलं माझ्यापाशीच राहिलं.

मंजुरी आली संक्रांतीनंतर. हॉलमध्ये नारळ फुटला, पोरांना शिरा मिळाला, फोटो निघाले. पाहणीला आलेल्या साहेबांनी भिंतीवरची माहिती वाचून मला उपक्रमशील शिक्षक म्हटलं आणि विचारलं, ही विद्यार्थिनी कुठं आहे? मी म्हणालो, स्थलांतरित. त्यांनी मान हलवली आणि शिऱ्याची बशी घेतली. कॅन तोवर तळाला गेले होते, पण रिकामे झाले नव्हते. दुसरीतला तो धाकटा गुटगुटीत झाला नाही, पण पोट जागेवर राहिलं.

पोरीची बातमी ट्रकवाल्यांकडून आली. सोयरीक फडातच जमली, लग्नही तिकडंच, दुसऱ्या जिल्ह्यात, उसाच्या पाल्यावर पंगत बसवून उरकलं. मी तक्रार करायला दोन ठिकाणी गेलो. एका ठिकाणी म्हणाले, आमच्या हद्दीत झालं नाही. दुसऱ्या ठिकाणी ज्यांच्यासमोर उभा राहिलो ते म्हणाले, "पोरगी उंच हाय की वो गुरुजी. वय बी असंल." मी शाळेचा दाखला पुढं केला. त्यांनी तो वाचला, नीट घडी घातली, आणि मला परत दिला.

पाडव्याच्या आसपास ट्रक परत आले. सातवीची परीक्षा चालू होती. शाळेच्या मधल्या सुट्टीत ती दाराबाहेर येऊन उभी राहिली. हिरवी साडी, पायात जोडवी, तळहातावर उसाच्या पाचटानं कापलेल्या बारीक रेघा. चपला काढल्याशिवाय वर्गात येता येत नाही, आणि तिनं चपला काढल्या नाहीत. आतली पोरं तिच्याकडं बघत होती. पाच-सहा महिन्यांपूर्वी ती त्यांच्यातच बसायची.

"परीक्षा देतेस का?" मी विचारलं. एवढा मूर्ख प्रश्न मी नोकरीत दुसरा विचारला नसेल. हजेरी नव्हती, अभ्यास नव्हता, आणि तिचा नवरा फाटकापाशी मोटारसायकलवर बसून मोबाईल बघत होता. तोही पोरसवदाच.

"न्हाई गुरुजी. धाकट्याला न्याया आले. सासरी दोन दीस ऱ्हाईल माज्यासंगं."

धाकटा व्हरांड्यात पंगतीत बसला होता. समोर ताटलीत खिचडी. बहिणीला बघून उठायला लागला, तर तिनं हातानंच त्याला बसवलं. नवऱ्यानं हॉर्न वाजवला. ती वळली नाही. भिंतीला टेकून ती त्याच्या ताटलीकडं बघत उभी राहिली, तो खात होता तोवर.

ताटली रिकामी झाली तसं तिनं माझ्याकडं पाहिलं.

"त्येला अजून वाढा, गुरुजी."

मी पातेलं उचलून वाढलं.